दोन मैलांच्या आतली मुलं

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात शाळेच्या बसचं शेवटी नक्की काय झालं असं बरेच जण अजून विचारतात, खासकरून जे नंतर इकडे राहायला आलेत ते, म्हणून एकदा बसून सगळंच लिहून काढते. लांबणार आहे, आधीच सांगते.

आधी नियम. न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांच्या पलीकडे असेल (हायस्कूलला अडीच) तर त्याला न्यायची-आणायची जबाबदारी कायद्याने स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची. दोन मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटर धरा. त्याच्या आतली मुलं चालत येतील असं कायदा धरून चालतो. माझ्या आईला डोंबिवलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग चालू देत की, तू नाही का जायचीस." आता तिला कसं समजवायचं की इथे गाड्यांचा रस्ता आहे, माणसांचा नाही. आमच्या डेव्हलपमेंटमधून (कॉलनीच म्हणा) शाळेत जायचं तर काऊंटी रोडवरून, म्हणजे जिल्ह्याच्या रस्त्यावरून, जावं लागतं, लिमिट ताशी ४५ मैलांचं, म्हणजे लोक ५५ ने जातात, कडेला एक पांढरी रेघ आणि रेघेच्या पलीकडे लगेच उतार आणि गवत. फूटपाथ नाहीच. जानेवारीत प्लाऊवाले बर्फ ढकलून ढकलून ती रेघही गायब करतात. आणि आमचं घर शाळेपासून १.६ मैल. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने आमची तिसरीतली मुलगी "चालणारी".

आतापर्यंत हे कधी कळलंच नव्हतं कारण डिस्ट्रिक्ट आपणहून अशा मुलांना बस देत होतं. त्याला कर्टसी बसिंग म्हणतात. नावातच आहे, मेहेरबानी, हक्क नाही. राज्याकडून ट्रान्सपोर्टचे जे पैसे येतात ते फक्त दोन मैलांपलीकडच्या मुलांसाठी, आतल्या मुलांचा खर्च सगळा गावाच्या खिशातून. त्यामुळे पैसे कमी पडले की पहिली कुऱ्हाड इथेच.

आणि २०२४ च्या वसंतात पैसे कमी पडले. ते का, हे जरा समजून घ्या, कारण आमच्या पहिल्या मीटिंगला निम्मी गर्दी "पैसे कोणी खाल्ले" असं विचारत होती आणि तसं काही नव्हतं. राज्याचा शाळांना मदत वाटायचा एक फॉर्म्युला आहे, २००८ चा. किती मुलं आहेत, गाव किती श्रीमंत आहे, त्या गावाने स्वतः किती उचलावं असं सगळं त्यात येतं. काही डिस्ट्रिक्टना वर्षानुवर्षं फॉर्म्युल्यापेक्षा जास्त मिळत होतं, तर २०१८ मध्ये कायदा झाला, सगळे त्याला एस-टू म्हणतात, तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांची त्यावर सही, की हा जादाचा पैसा सात वर्षांत टप्प्याटप्प्याने काढून जिथे कमी जातोय तिथे द्यायचा. २०२४-२५ हे त्याचं शेवटचं वर्ष. त्यात भर म्हणजे गावाची श्रीमंती घरांच्या किमती आणि लोकांच्या उत्पन्नावर मोजतात. कोविडनंतर घरांच्या किमती चढल्या म्हणून आपण सगळे खूश होतो ना, झिलोवर आकडे बघून? त्याच आकड्यांनी राज्याच्या नजरेत गाव श्रीमंत झालं आणि मदत घटली. घर विकल्याशिवाय त्यातला एक डॉलर हातात येत नाही ते वेगळं.

बरं, मग गावाने टॅक्स वाढवून भरून काढावं, तर त्यालाही टोपी आहे, म्हणजे कमाल मर्यादा. २०१० च्या कायद्याने लोकल टॅक्सची वसुली वर्षाला २ टक्क्यांच्या वर नेता येत नाही (हेल्थ इन्शुरन्स, वाढलेली पटसंख्या असे काही अपवाद आहेत, पण थोडेच). शिक्षकांचे पगार, इन्शुरन्स, बसवाल्यांची कंत्राटं, सगळं त्याच्याहून जोरात वाढतं. म्हणजे उत्पन्नाला दोरी बांधलेली आणि खर्च मोकाट. मुळात न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त, २०२४ मध्ये सरासरी बिल वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेलं, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त शाळेचा, त्यामुळे टोपी काढा म्हणणाराही फार कोणी सापडत नाही. आमच्या समोरच्या आजी चाळीस वर्षं इथे राहतात, त्यांची मुलं कधीच शिकून गेली, त्या म्हणतात मला घर सोडून जायला लावणार का तुम्ही. त्यांचंही खोटं नाही.

तर मार्चच्या सुरुवातीला सुपरिंटेंडंटचं, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याचं, ईमेल आलं. लांबच लांब, पहिले चार पॅराग्राफ "आमची मुलं हेच आमचं प्राधान्य" वगैरे, आणि खाली यादी. काही शिक्षकांच्या जागा, एलिमेंटरी लायब्ररीयन, चौथीचं वाद्यवादन, संध्याकाळची लेट बस, आणि "कर्टसी बसिंगचा फेरविचार". फेरविचार म्हणजे बंद, हे मला माझ्या शेजारच्या तेलुगू मित्राने सांगितलं. तो इंजिनिअर, एचवनबीवर (नोकरीच्या व्हिसावर), दोन मुलं त्याच शाळेत. पुढच्या सगळ्या भानगडीत अर्धं डोकं त्याचं होतं.

इथे एक गोष्ट नीट सांगते कारण आपल्या लोकांत याबद्दल फार गैरसमज आहे. डिस्ट्रिक्टचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे असतो, त्याला मत द्यायला सिटिझन असावं लागतं. पण बोलायला नाही. मीटिंगला यायला, माइकवर जायला, कागद मागायला व्हिसा कोणी विचारत नाही. नाव सांगायचं, गावात राहता ते सांगायचं, बास. मी पर्सनली कमीत कमी दहा जणांकडून ऐकलं असेल, "आम्ही काय बोलणार, आम्ही तर ग्रीन कार्डच्या लाइनीत." टॅक्स भरताना लाइन आठवत नाही! भाड्याने राहत असाल तरी घरमालक टॅक्स भाड्यातूनच काढतो.

बोर्डाची पहिली मीटिंग मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात. आधी सगळे उभे राहून झेंड्याला शपथ, मग एक बाई १९७५ च्या ओपन पब्लिक मीटिंग्ज अ‍ॅक्टखाली या सभेची सूचना कुठे कुठे दिली ते एका दमात वाचतात, दर मीटिंगला तेच वाक्य, सत्यनारायणाच्या कथेसारखं, कोणी ऐकत नाही पण चुकवायचंही नाही. मग बक्षिसं. कुस्तीची टीम, स्पेलिंगवाली मुलं, फोटो. मग ती मुलं आणि त्यांचे आईबाप निघून जातात आणि गर्दी निम्मी होते. मग सुपरिंटेंडंटच्या स्लाइड्स. मग लोकांना बोलायला वेळ, माणशी तीन मिनिटं, समोर आकडे उलटे पळत असतात, शून्य झालं की माइक बंद.

बोर्डाचे नऊ मेंबर, कुणालाही पगार नाही, तीन तीन वर्षांची टर्म. माझ्या डोळ्यासमोर नगरसेवक होते, पण यातला एक जण आमच्या फार्मसीत काम करतो, एक बाई डे-केअर चालवतात. ऑफिसातून थेट आलेले, समोर गार झालेला पिझ्झा. मला त्यांची दया आली खरं सांगायचं तर. पण दया येऊन चालत नाही कारण मत तेच देणार.

त्या रात्री तीस-चाळीस जण बोलले असतील. जवळपास सगळ्यांचं एकच, "आमची मुलं मरतील, याला जबाबदार कोण". एक बाई रडल्या. मेंबर मान हलवत होते, लिहून घेत होते, उत्तर कोणी दिलं नाही. उत्तर द्यायचं बंधनच नाही, कायदा म्हणतो लोकांना बोलू द्या, त्यांच्याशी बोला असं म्हणत नाही. रात्री अकरा वाजता कच्चं बजेट मंजूर झालं, एकेकाचं नाव पुकारून होय, होय, होय, एक नाही, परत होय. तेव्हा लक्षात आलं की हा रडण्याचा कार्यक्रम दरवर्षी होत असणार आणि त्यांना त्याची सवय आहे.

घरी येताना गाडीत तो तेलुगू मित्र म्हणाला की कोणीच हे विचारलं नाही की एक मूल बसमधून उतरवलं की नेमके किती पैसे वाचतात.

सगळं प्रकरण इथून फिरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही ओप्रा टाकला. म्हणजे ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट, आपल्या माहितीच्या अधिकारासारखा, तिकडे तीस दिवस असतात इथे कामाचे सात. डिस्ट्रिक्टच्या साइटवर फॉर्म असतो, तो बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे जातो, बोर्डाचे सेक्रेटरी बहुधा तेच असतात. यात कौशल्य एवढंच की "बसची सगळी माहिती द्या" असं लिहायचं नाही, ते लगेच नाकारतात, मोघम आहे म्हणून. कोणता कागद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहायचं. आम्ही मागितलं: चालू वर्षाची प्रत्येक रूटची यादी, त्यावर दोन मैलांच्या आतली किती आणि बाहेरची किती मुलं, कंत्राटदाराचे रूटवार रेट, आणि कर्टसी बंद केल्यावर कोणते रूट रद्द होणार त्याची यादी.

पहिले तीन कागद आले, सातव्या दिवशी, मुलांची नावं काळी करून. चौथ्याच्या जागी एक ओळ: असा कागद अस्तित्वात नाही.

म्हणजे वाचणाऱ्या पैशाचा आकडा स्लाइडवर होता, पण कोणत्या बस बंद करून तो वाचणार हे कोणी मांडलेलंच नव्हतं. एकूण ट्रान्सपोर्टचा खर्च भागिले मुलं गुणिले कर्टसीवाली मुलं, असा तो आकडा काढलेला असणार, कारण मित्राने एक्सेलमध्ये तेच केल्यावर जवळजवळ तोच आकडा आला.

आता बसचं कसं असतं बघा. कंत्राट मुलावर नसतं, रूटवर असतं, दिवसाला इतके डॉलर. मोठ्या बसमध्ये ५४ सीट. आणि एकच बस सकाळी आधी हायस्कूलची फेरी मारते, मग मिडल, मग एलिमेंटरी, म्हणून तर शाळांच्या वेळा अशा विचित्र असतात, सव्वासात, आठ, नऊ. आता एखाद्या रूटवर बत्तीस मुलं दोन मैलांबाहेरची आणि पंधरा आतली असतील, तर ती पंधरा उतरवून काय वाचणार? बस तीच, ड्रायव्हर तोच, फक्त पंधरा सीट रिकाम्या घेऊन ती आमच्याच घरासमोरून जाणार. पैसे तेव्हाच वाचतात जेव्हा रूट पूर्ण बंद होतो किंवा दोन रूट मिळून एक होतात. आम्ही रूट घेऊन बसलो त्यात असे रूट मूठभरच निघाले. बाकी ठिकाणी बचत जवळपास शून्य.

हे कळल्यावर आम्हाला वाटलं जिंकलो. जिंकण्याबिंकण्याचं सांगते पुढे.

मधे एक आडवाट. हे बोर्डाला सांगायचं कसं? नऊही जणांना एकत्र ईमेल केलं तर नऊही जणांकडून "थँक यू फॉर युअर ईमेल" येतं किंवा काहीच येत नाही. त्यातही कायदा आहे, पाच जण, म्हणजे बहुमत, आपसात मीटिंगबाहेर विषयावर चर्चा करू शकत नाहीत, अगदी ईमेलवरसुद्धा, म्हणून ते रिप्लाय-ऑलला घाबरतात. खरं काम कमिटीत होतं. फायनान्स कमिटी, ट्रान्सपोर्टची कमिटी, प्रत्येकीत चार किंवा कमी मेंबर, त्यामुळे त्या सभा लोकांना उघड्या नसतात. आपण जे माइकवर बोलतो ते कमिटीत ठरून झाल्यावर. म्हणून फायनान्स कमिटीच्या अध्यक्षांना एकट्यांना, बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची कॉपी ठेवून, एक पानाचं पत्र, एक टेबल. विशेषणं सगळी मी कापली, नवऱ्याने लिहिलेलं "धक्कादायक" पण. तिसऱ्या दिवशी फोन आला. त्या म्हणाल्या तुमचं टेबल कमिटीपुढे ठेवते.

दुसरी बाजू रस्त्याची. बोर्डाच्या पॉलिसी सगळ्या नंबर टाकून साइटवर असतात, ट्रान्सपोर्टची आमच्याकडे ८६००. त्याच्यात एक कलम असतं धोकादायक रस्त्यांचं. राज्याचा कायदा म्हणतो की कर्टसी बस देणाऱ्या डिस्ट्रिक्टने अशा रस्त्यांबद्दल धोरण करावं, त्यात काय काय बघावं तेही सुचवलंय: वस्ती किती दाट, वाहतूक किती, गाड्यांचा वेग, फूटपाथ आहे की नाही, कडेला चालायला जागा, आंधळी वळणं आणि चढ, पूल, रेल्वेरूळ. आणि हे ठरवताना टाऊनशिपच्या, म्हणजे गावाच्या नगरपालिकेच्या, अधिकाऱ्यांशी मिळून ठरवायचं. आमच्याकडे पॉलिसी होती पण धोकादायक रस्त्यांची यादी कोणी बनवलीच नव्हती, कारण सगळ्यांनाच बस होती, गरज काय पडली.

मग टाऊनशिप. आणि इथे माझं डोकं जे फिरलं ते सांगते. बस बोर्डाची. चौकात उभे राहणारे क्रॉसिंग गार्ड टाऊनशिपचे, पोलीस खात्याच्या हाताखाली. गल्लीतले रस्ते टाऊनशिपचे, पण तो ४५ चा रस्ता काऊंटीचा. आणि मूळ पैसा राज्याचा. बोर्डात बोललं की ते म्हणतात फूटपाथ आमचा विषय नाही, टाऊनशिप कौन्सिलच्या मीटिंगला जा, कौन्सिल म्हणतं तो रस्ता आमचा नाही, काऊंटी कमिशनरांकडे जा, काऊंटीवाले म्हणतात मुलांना चालायला लावायचं हे कोणी ठरवलं, बोर्डाने ना? आणि यातलं एकही उत्तर खोटं नाही. न्यू जर्सी म्हणजे महाराष्ट्राच्या तेराव्या-चौदाव्या हिश्श्याएवढं राज्य, त्यात ५६४ नगरपालिका आणि सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट. प्रत्येकाचा आपला सुपरिंटेंडंट, आपला वकील, आपलं बजेट. एकत्र व्हायचं नाव कोणी काढत नाही, प्रिन्स्टनची दोन गावं २०१३ मध्ये एक झाली तर अजून तेच उदाहरण देतात.

माझ्या पुण्याच्या दादाला फोनवर हे रडगाणं गायले तर त्याला हसू आलं. तिथे मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवकच नव्हते, मुदत संपली, निवडणूक नाही, सगळं प्रशासकाकडे. म्हणाला, "तुझं म्हणणं ऐकून मान हलवायला नऊ जण बसलेत, आमच्याकडे मान हलवायलाही कोणी नाही." यावर काय बोलणार.

तर कौन्सिलच्या मीटिंगमध्ये आम्ही एकच मागणी केली, बाकी काही नाही: पोलिसांच्या ट्रॅफिक ऑफिसरने त्या रस्त्यावर वेग मोजावा आणि बोर्डाला लेखी कळवावं. खर्च नाही, वाद नाही, त्यामुळे लगेच हो म्हणाले. दोन आठवडे रस्त्याच्या कडेला ते वेग दाखवणारं मशीन उभं होतं. रिपोर्ट एका पानाचा, पण पोलिसाच्या सहीचं एक पान आमच्या पन्नास भाषणांपेक्षा जड. अंतर मोजण्याचंही असंच. डिस्ट्रिक्ट मोजतं ते सार्वजनिक रस्त्याने किंवा पायवाटेने सगळ्यात जवळच्या वाटेने. त्यांच्या नकाशात आमच्या मागच्या टाऊनहाऊसांचा जो जवळचा रस्ता धरला होता तो एका असोसिएशनच्या खाजगी पार्किंगमधून जात होता. ते आम्ही फोटोसकट पाठवलं, आणि तिथली काही घरं १.९ वरून २.१ वर गेली. त्या मुलांना हक्काने बस, कर्टसी नाही. हे काम एका गुजराती काकूंनी केलं, हातात मोजायचं चाक घेऊन, त्यांनी ते अ‍ॅमेझॉनवरून मागवलं होतं.

एप्रिलच्या शेवटी पब्लिक हिअरिंग, बजेट पक्कं व्हायचं असतं तेव्हा. यावेळी आम्ही वाटून घेतलं. एकाने फक्त रिकाम्या सीट सांगायच्या, एकाने फक्त पोलिसाचा रिपोर्ट, एकाने फक्त मोजणी, आणि मी मागणी. मुलांचे फोटो नाहीत, रडणं नाही. तेलुगू मित्राने नाव सांगितलं आणि त्याच्या ऑफिसमध्ये बोलतो त्या आवाजात सीटचे आकडे वाचले, तर मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि अध्यक्षांनी हातोडा आपटला. समोरच्या आजी पण आल्या होत्या. आम्हाला वाटलं टॅक्सविरुद्ध बोलणार. त्या म्हणाल्या, टॅक्स वाढवू नका, आणि जी बस माझ्या घरावरून अर्धी रिकामी जाणार आहे तिच्यात या मुलांना बसवायला टॅक्स लागत नाही हे आत्ताच त्या गृहस्थांनी सांगितलं. तीन मिनिटांपैकी एक मिनिट वापरलं आणि खाली बसल्या. त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं भाषण तेच.

निकाल असा लागला. जे मूठभर रूट खरंच बंद करण्यासारखे होते ते बंद. बाकी रूटवर दोन मैलांच्या आतल्या मुलांना जागा असेल तर सीट, पण फी भरून, याला सबस्क्रिप्शन म्हणतात, आणि जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी. आमचा काऊंटी रोड धोकादायक यादीत, त्यामुळे आमच्या डेव्हलपमेंटला फी नाही.

आता ते जिंकण्याचं. बंद झालेला एक रूट हायवेच्या पलीकडच्या अपार्टमेंटचा होता. तिथे बहुतेक सगळे भाड्याने, बरेचसे नवीन आलेले, नवरा-बायको दोघं शिफ्टमध्ये. तिथून शाळेपर्यंत एका बाजूला फूटपाथ आहे, म्हणून कागदावर रस्ता सुरक्षित. पण तो फूटपाथ गाठायला आधी चार लेन ओलांडाव्या लागतात. त्यांच्याकडून मीटिंगला एकच आई आली होती, कडेवर बाळ, आणि साडेनऊला बाळ रडायला लागल्यावर ती बोलायच्या आधीच निघून गेली. आमच्याकडे एक्सेल करणारा होता, चाक फिरवणाऱ्या काकू होत्या, वर्क फ्रॉम होम होतं. आमचं टेबल कमिटीने वापरलं ते कोणते रूट वाचवायचे यासाठी, आणि कोणते खुशाल बंद करता येतील यासाठीही तेच वापरलं. हे मी आमच्या ग्रुपमध्ये बोलून दाखवलं तर एक जण म्हणाला, आपण आपल्या मुलांचं बघायचं की गावाचं. मी तेव्हा काही बोलले नाही पण तो माणूस मला तेव्हापासून आवडत नाही.

मे महिन्यात राज्याने घाईघाईने एक कायदा केला, ज्यांची मदत कापली होती त्यांना कापलेल्यातले ४५ टक्के परत. सगळीकडे आनंद. आम्हाला वाटलं अपार्टमेंटचा रूट आता परत येईल. पण ज्या नव्या शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवायचं नाही त्यांना १५ मे च्या आत कळवावं लागतं, त्यांच्या नोटिसा निघालेल्या होत्या, आलेला पैसा आधी तिकडे गेला, आणि लायब्ररीयन अर्ध्या वेळेची परत आली. त्यावर तरी वाद काय घालणार. त्या अपार्टमेंटसमोर शेवटी एक क्रॉसिंग गार्ड मिळाला, टाऊनशिपकडून, कौन्सिलमध्ये त्यासाठी आम्ही पुन्हा गेलो, यावेळी ती आई पण होती आणि बाळ काकूंच्या मांडीवर. गार्ड सकाळचाही आहे आणि दुपारचाही. बस नाही, पण निदान चार लेन ओलांडताना कोणीतरी हात वर करून उभं आहे.

बोर्डाची निवडणूक आमच्याकडे नोव्हेंबरमध्ये, अर्ज जुलैच्या शेवटच्या सोमवारी चारपर्यंत द्यायचा असतो. काकूंना सगळे उभ्या राहा म्हणतायत. त्या म्हणतात चाक परवडलं.

राहिला फूटपाथ. बस ही दरवर्षीची टांगती तलवार, पुढच्या बजेटला परत हेच, तर एकदाच काऊंटी रोडला फूटपाथ करून घ्या म्हणून आम्ही काऊंटीकडे अर्ज केला. इंजिनिअर आले, बघून गेले, चांगले बोलले. म्हणाले जागा लागेल, रस्त्याला लागून असलेल्या घरांच्या लॉनची काही फुटांची पट्टी, आणि आधी त्या घरांच्या सह्या आणा, मग पुढचं बघू. सोपं वाटलं. ती घरं आमच्याच डेव्हलपमेंटची, त्यातले निम्मे लोक बोर्डाच्या मीटिंगला मोठमोठ्याने "सेफ्टी, सेफ्टी" ओरडत होते. कागद घेऊन दारोदार गेले. आमच्या टाऊनशिपचा नियम असा की घरासमोरच्या फूटपाथवरचा बर्फ घरमालकाने काढायचा, बर्फ थांबल्यापासून ठराविक तासांत, नाहीतर दंड. आतापर्यंत चार घरांनी सही केली. बाकीचे म्हणतात, बस मिळाली ना आता, मग कशाला. परवा एका भाऊंनी दारातच विचारलं, माझ्या नव्वद फुटांचा बर्फ तुम्ही येऊन काढणार का वहिनी? त्यांच्या मुलीचा आणि माझ्या मुलीचा बस स्टॉप एकच. काऊंटीची पुढची मीटिंग सप्टेंबरमध्ये आहे, तोपर्यंत निदान दहा सह्या लागतील, कोणाची त्या रस्त्यावर ओळख असेल तर सांगा.